शेवाळावर गुडघे टेकायला शीक

उप्साला, नोव्हेंबरचा पहिला आठवडा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, चार वाजायच्या आत अंधार पडतो, आणि पाच वाजले की लॅबमध्ये चिटपाखरू नसतं. इथं आपलं असं कुणी होईल असं वाटतच नाही." तेव्हा मी तुला धीर दिला, पण तुझं बोलणं मनातून जाईना. तीस वर्षांपूर्वी मी सांगलीहून इथं स्वीडनला आले तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून आज बसून लिहितेच.

इथली माणसं गप्पांतून जवळ येत नाहीत, सोबत काहीतरी करताना जवळ येतात. आणि ते काहीतरी बहुतेक वेळा ऋतूचं असतं. फीकाच्या वेळी, म्हणजे त्यांच्या कॉफीच्या सुट्टीत, वर्षभर शेजारी बसणारा माणूस हवापाण्यापलीकडे जाणार नाही. तोच माणूस बादली घेऊन तीन तास तुझ्याबरोबर जंगलात हिंडला, की आपल्या वडिलांचं आजारपण सांगायला लागेल. तुझ्याकडे न बघता, झुडपाकडे बघत सांगेल. तू ऐकून घे.

म्हणून पहिलं सांगणं हे, की कुणी बोलावलं तर जा. आपल्याकडे "नको, नको" म्हटलं की पानात आणखी एक पोळी पडते. इथं "नको" म्हणजे नको, ते तुझ्या शब्दाचा मान ठेवतात आणि पुन्हा विचारत नाहीत. माझ्या पहिल्या जूनमध्ये एका सहकारी बाईनं मिडसोमरला, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या सणाला, तिच्या गावी येतेस का म्हणून विचारलं. मला वाटलं, बाई नुसतं औपचारिक विचारते आहे, शिवाय लोकांच्या घरी सणाला कसं जायचं! मी "बघते" म्हणाले. त्या शुक्रवारी दुपारी सगळं शहर ओस पडलं. दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही, आणि रात्री दहा वाजताही लख्ख उजेड. त्या उजेडात मी खोलीत एकटी बसून वरण-भात खाल्ला. इतकं एकटेपण मला डिसेंबरच्या अंधारातही कधी वाटलं नाही.

आता जंगलाचं सांगते, कारण तुला खरी ओळख तिथंच होणार आहे. इथं अलेमान्सरेत्तेन नावाचा एक हक्क आहे, सगळ्या माणसांचा हक्क. जमीन कुणाचीही असो, तू तिथून चालू शकतेस, रानातली फळं नि आळंबी गोळा करू शकतेस, एखादी रात्र तंबू टाकून राहू शकतेस. 1994 पासून तो त्यांच्या राज्यघटनेत आहे. त्याची अट स्वीडिशमध्ये चार शब्दांत सांगतात: त्रास देऊ नका, नासधूस करू नका. घराभोवतीचं अंगण, उभं पीक, नवी लावलेली झाडं यांच्यापासून लांब राहायचं. उभ्या झाडाची फांदी मोडायची नाही, आणि उन्हाळ्यात जाळ करायला बंदी असेल तर काडीही ओढायची नाही. हा हक्क कागदपत्र न बघता तुलाही मिळतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा भरून आलं होतं. परक्या देशात एवढं काही आपसूक आपलं असतं?

तुझ्या खोलीपासून सायकलवर होगादालेनची दरी आणि नोस्तेनचं जंगल जवळ आहे. तिथं एक वाट निवड आणि बाराही महिने त्याच वाटेनं जा. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनेअस 18व्या शतकात आपल्या विद्यार्थ्यांना याच उप्सालाच्या आसपास आठ ठरलेल्या वाटांनी वनस्पती दाखवायला न्यायचा. त्या वाटा आजही खुणा लावून ठेवल्या आहेत. एकाच वाटेवर एप्रिलमध्ये निळी ब्लोसिपा फुलते (ती तोडायची नाही, तिला कायद्याचं संरक्षण आहे), मेमध्ये पांढऱ्या व्हितसिपाचा गालिचा पसरतो, जुलैअखेर ब्लोबेर ही निळी रानफळं पिकतात, सप्टेंबरात लाल लिंगोन. दहा ठिकाणी एकेकदा जाऊन जे दिसत नाही, ते एकाच ठिकाणी दहादा गेल्यावर दिसतं.

मला आळंबी शिकवली ती खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजारणीनं. पहिल्या दिवशी तिनं मला काहीच तोडू दिलं नाही. ऑगस्टचा शेवट होता, रात्री पाऊस पडून गेला होता. एका बर्चच्या बुंध्याशी ती थांबली आणि म्हणाली, "खाली बस." मी वाकले. "वाकू नकोस, बस." ओल्या शेवाळावर गुडघे टेकले तेव्हा कुठं कान्तारेल नावाची आळंबी दिसली, अंड्यातल्या बलकाच्या रंगाची, पानांखाली अर्धी झाकलेली. उभ्यानं मी तिथूनच दोनदा गेले होते. तिनं एक हळूच उपटून माझ्या हातात उलटी ठेवली. कान्तारेलच्या खालच्या बाजूला सुट्या पापुद्र्यांऐवजी जाडसर शिरा असतात, आणि त्या देठावर खालपर्यंत उतरत जातात. आत पांढरा गर, वास जर्दाळूसारखा. तिच्या चाकूच्या दुसऱ्या टोकाला छोटा ब्रश होता. माती तिथंच झाडून मगच टोपलीत. नखाएवढ्या लहान होत्या त्या तिनं राहू दिल्या. पंधरा दिवसांनी आम्ही परत आलो तेव्हा त्या मोठ्या झाल्या होत्या, आणि तिला त्यांची जागा अचूक आठवत होती. आपली जागा इथं सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. तिनं मला दाखवली, हे केवढं होतं ते मला खूप उशिरा कळलं.

एक गोष्ट मात्र गाठीला बांध. फोनवरचं अ‍ॅप बघून आळंबी खायची नाही, कधीच नाही. इथला पांढरा फ्लूगस्वाम्प बाजारातल्या बटन मशरूमसारखा दिसतो आणि जीव घेतो. त्रात्तकान्तारेल या शरदाच्या शेवटी मिळणाऱ्या आळंबीच्या शेजारीच मूत्रपिंडं निकामी करणारी एक जात उगवते. जाणत्या माणसानं प्रत्येक आळंबी हातात घेऊन बघितल्याशिवाय कढईत काही टाकू नकोस. शंकेची असेल ती फेकून दे, हळहळू नकोस. आणि एप्रिल ते ऑक्टोबर जंगलातून आलीस की आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागं, काखेत, केसांच्या मुळाशी गोचीड बघ. उप्सालाच्या भागात गोचिडीतून मेंदूज्वर होतो, त्याची लस मिळते. ती हिवाळ्यातच सुरू कर, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत अंगात भिनेल.

समोर आता अंधाराचे महिने आहेत. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी, पहिल्या रविवारी अख्ख्या शहराच्या खिडक्यांत एकदम दिवे लागतात, कागदाचे तारे नि दिव्यांच्या कमानी. पडदे कुणी ओढत नाही, आतला उजेड रस्त्यावरच्यालाही मिळावा म्हणून. तूही एक तारा आण. 13 डिसेंबरला लुसिया. पांढरा झगा, कमरेला लाल फीत, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी पुढं आणि तिच्या मागून गाणारी रांग. लुसियाची प्रथा जुनी, पण आजच्या रूपात ती देशभर पसरली 1927 मध्ये, स्टॉकहोमच्या एका वर्तमानपत्रानं लुसिया निवडायची स्पर्धा घेतल्यावर. तू एखाद्या शाळेच्या किंवा चर्चच्या लुसियाला पहाटे जा. गारठून उभी राहशील, दार उघडेल, आणि अंधारातून ती ओळ येताना दिसली की काकडआरतीच्या वेळी देवळात जसं पोटात हलतं ना, तसंच हलेल.

त्या दिवशी लुसेकातर नावाचे केशराचे पाव करतात, इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले, दोन्ही टोकांना एकेक मनुका. इथं आपण मराठी बायका काही वेगळं देऊ शकतो. दुकानात केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत मिळतं, महाग म्हणून ते जपून घालतात. आईकडून केशर मागव. साखरेबरोबर खलबत्त्यात कुट, कोमट दुधात भिजव आणि ते घेऊन कुणाच्या तरी घरी पीठ मळायला जा. इथल्या बायका वेलदोडा पावात भरड घालतात, आपल्यासारखी वस्त्रगाळ पूड करत नाहीत, त्यामुळे तो दाताखाली येतो. वेलची आणि केशर त्यांच्याही ओळखीचं आहे. तिथून बोलणं सुरू करायला काहीच अडचण पडत नाही, मी अनेकदा केलंय.

फेब्रुवारीत सेमला खा, बदामाचं सारण नि फेटलेल्या सायीचा तो पाव, लॅबमध्ये सगळ्यांसाठी एकदा तूच घेऊन जा. बर्फावरच्या लांब स्केटिंगला कुणी नेलं तर जा, पण गळ्यात बर्फात रोवायचे टोकदार खिळे अडकवल्याशिवाय नको आणि एकटी तर मुळीच नको. तळ्यावर नुसतं चालायला सुद्धा कडक, स्वच्छ बर्फ किमान 10 सेंटिमीटर लागतो. तो माणसानं मोजलेला हवा, अंदाजानं नव्हे.

30 एप्रिलला वालबोरी, हिवाळा जाळायचा दिवस. त्याच दिवशी राजाचा वाढदिवस, म्हणून झेंडेही असतात. उप्साला त्या दिवसासाठीच ओळखलं जातं: सकाळी फ्यूरिस नदीत विद्यार्थी स्वतः बनवलेले तराफे सोडतात, दुपारी तीनला कारोलिना रेदिविवा ग्रंथालयापुढं जमून डोक्यावर पांढऱ्या टोप्या चढवतात. ते बघ. त्यानंतर बागांमधली गर्दी फार पिते, तिथं थांबण्यात काही नाही. संध्याकाळी सायकल काढून एखाद्या खेड्यातल्या होळीला जा. होळीच, दुसरा शब्द मला सुचत नाही. वर्षभराच्या फांद्यांचा ढीग, पोरंटोरं, एक वयस्क मंडळींचा गानवृंद, आणि पुढून भाजणारी, पाठीमागून गारठवणारी तीच आपल्या लहानपणची आग. आपण बोंब मारतो, ते वसंताची गाणी म्हणतात.

आणि मिडसोमर. 1953 पासून त्याची पूर्वसंध्या 19 ते 25 जूनमधल्या शुक्रवारी धरतात. स्टॉकहोमच्या स्कान्सेन संग्रहालयासारख्या प्रसिद्ध ठिकाणी गर्दीत उभं राहून बघू नकोस. गावच्या हेमबिग्डच्या मंडळाकडे जा. जुनी लाकडी घरं, गावची गाणी, चालीरीती जपणारी अशी मंडळं जवळपास प्रत्येक परगण्यात आहेत. जायचं ते दुपारच्या नाचाला नव्हे, सकाळी खांब सजवायला. मी दुसऱ्या वर्षी तसं केलं. गवतावर आडवा ठेवलेला लांबच लांब खांब, शेजारी जमीनमालकाला विचारून आणलेला बर्चच्या डहाळ्यांचा ढीग. एका आजोबांनी काही न बोलता माझ्या हातात सुतळी दिली. मूठभर डहाळी खांबाला लावायची, दोन वेढे, ओढून घट्ट, पुढची मूठ आधीच्या देठांवर चढवायची, म्हणजे लाकूड दिसत नाही. गजरा करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. माझा वेग बघून ते थांबले, आणि पहिल्यांदाच विचारलं, "हे कुठं शिकलीस?" मग मी त्यांना गजऱ्याबद्दल सांगितलं, आणि त्यांनी मला आपल्या पत्नीच्या शेजारी बसवून जेवायला वाढलं.

दुपारी खांब उभा राहिला की त्याच्याभोवती फेर धरतात. बेडकांच्या गाण्यावर तर आजीपासून नातवापर्यंत सगळे उड्या मारतात. तू भोंडल्यात वाढलेली मुलगी. मधे पाटावरच्या हत्तीऐवजी पानाफुलांचा खांब एवढाच फरक. काठावर उभी राहू नकोस, हात धर. जेवायला हेरिंग मासे असतात, पण तुझ्यासारख्या शाकाहारी मुलीलाही ताटात खूप आहे: बडीशेपेसारख्या दिसणाऱ्या शेपूबरोबर उकडलेले नवे बटाटे, आंबट साय, चीजची पेस्ट्री, शेवटी स्ट्रॉबेरी.

कुणाकडे गेलीस की वेळेवर पोच, चप्पल-बूट दारात काढ, लोकरीचे मोजे सोबत ठेव. "काय आणू?" असं आधी विचार, आणि सांगतील तेच ने. पुढच्या भेटीत आठवणीनं "तक् फॉर सेनास्त" म्हण, मागच्या वेळेबद्दल आभार. हे तीन शब्द विसरलेल्या माणसाची ते मनात नोंद ठेवतात.

मराठी मंडळाचा गणपती सोडू नकोस, तो आपला आधार आहे. फक्त तिथं येताना लॅबमधलं कुणीतरी बरोबर आण. दिवाळीचा फराळ डब्यात घालून वाट. तू त्यांच्या सणाला नुसती पाहुणी राहिलीस तर पाहुणीच राहशील. त्यांनाही तुझ्या सणाला चकली तळताना शेजारी उभं राहू दे.

या शनिवारी आल्हेल्गोन आहे, आपल्या माणसांची आठवण काढायचा दिवस. संध्याकाळी इथल्या जुन्या दफनभूमीत प्रत्येक थडग्यावर दिवा लागतो. हजारो दिवे, आणि आवाज फक्त पाचोळ्यावरच्या पावलांचा. माझ्या त्या शेजारणीचं थडगं तिथंच आहे. तिचा मुलगा दरवर्षी येतो, मीही जाते. तू साडेतीनला माझ्याकडे ये. वाऱ्यानं विझणार नाहीत असे झाकणाचे दिवे मी दोन घेऊन ठेवलेत, काडेपेटी तेवढी तू आण. थर्मासात चहा असेल. आणि जाड मोजे घाल, तिथं बराच वेळ उभं राहायचं आहे.

तुझी,
मावशी