शॅडो टीचर होण्यापूर्वी

प्रश्न : मी ३८ वर्षांची वाणिज्य पदवीधर गृहिणी असून पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात राहते. माझ्या बहिणीच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. वर्गात त्याच्यासोबत बसणारी ‘शॅडो टीचर’ पालकांनीच नेमावी, असे त्याच्या शाळेने सांगितल्यापासून हे काम आपणच शिकावे, असे मला वाटू लागले आहे. तीन महिन्यांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम त्यासाठी पुरेसा होईल का?

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामे एकत्र आली आहेत. विशेष शिक्षक मुलाच्या गरजा तपासून त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करतात. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पदविका किंवा विशेष शिक्षणातील बी.एड. पूर्ण करून परिषदेकडे नोंदणी करावी लागते. शॅडो टीचर तो आराखडा वर्गात रोज अमलात आणते. खासगी शाळांमध्ये तिचे मानधन बहुधा पालक देतात आणि पात्रतेच्या अटी शाळेगणिक बदलतात. त्यामुळे तुम्ही म्हणता त्या प्रमाणपत्रावर काम मिळू शकेल, परंतु त्याने तुम्ही विशेष शिक्षक होणार नाही. शुल्क भरण्यापूर्वी प्रत्यक्ष मुलांसोबत किती तास काम करायला मिळणार, हे संस्थेला लेखी विचारा; त्याचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर तो अभ्यासक्रम घेऊ नये, असे माझे मत आहे.

या कामातील सर्वांत अवघड भाग मदत करण्याचा नसून मदत कमी करत नेण्याचा आहे. मूल दप्तर उघडत नसेल तर आपला हात आपोआप पुढे जातो. त्याऐवजी काही क्षण थांबावे, मग दप्तराकडे बोट दाखवावे, तरीही जमले नाही तर शब्दांत सांगावे आणि हाताला धरून करवून घेणे अगदी शेवटी ठेवावे. कोणत्या दिवशी किती आधार लागला, याची रोजची नोंद ठेवली तरच तो कमी होतो आहे का, हे कळते. सतत शेजारी बसलेल्या मोठ्या माणसामुळे वर्गमित्र मुलाशी थेट न बोलता त्या माणसाशीच बोलू लागतात, म्हणून मधल्या सुटीत जाणीवपूर्वक थोडे दूर उभे राहावे. घंटेचा कर्कश आवाज किंवा अचानक बदललेला तास स्वमग्न मुलाला असह्य होऊ शकतो. अशा वेळी दिवसाचा क्रम दाखवणारे चित्रांचे वेळापत्रक शंभर सूचनांपेक्षा अधिक उपयोगी पडते. मुलाला स्वच्छतागृहात मदत लागत असेल, तर ती कोणी आणि कशी करायची, हे पालक व शाळा यांच्याशी आधीच ठरवून घ्यावे.

सुरुवात मात्र भाच्यापासून करू नये, असे मला मनापासून वाटते. घरी लाड करणारी मावशी वर्गात थांबून वाट पाहू लागली, तर ते त्यालाही कठीण जाईल आणि तुम्हालाही. त्याऐवजी गोखलेनगरमधील कामायनीसारख्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून काही आठवडे काम करता येईल का, याची चौकशी करा आणि त्यानंतरच पदविकेचा निर्णय घ्या.

शाळेच्या अटीविषयीही बहिणीशी बोला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि शासनमान्य शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश व आवश्यक आधार द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. तेव्हा शाळा स्वतः कोणता आधार देणार, हे बहिणीने मुख्याध्यापकांना लेखी पत्राने विचारावे.