‘त्याचं काही टेन्शनच नाही हो’

‘मुलगा सोळाचा झालाय. घरात कुणाशी धड बोलत नाही, आणि आता एकटाच लांब कुठंतरी जायचं म्हणतो. पाठवावं का?’ हा प्रश्न एप्रिल-मे उजाडला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो. दहावीची परीक्षा संपलेली असते, कॉलेजला अवकाश असतो. कुणाला मित्रांबरोबर गोवा गाठायचा असतो, कुणाला थेट मोटरसायकलवरून लडाख. लायसन्स नाही ही बाब त्या वयात किरकोळ वाटते. पालकांना मात्र ती किरकोळ नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे मोटरसायकलचा प्रश्न मी लगेच निकालात काढते. बाकीच्यांचं उत्तर द्यायला वेळ लागतो, कारण मुलगा कुठं निघालाय याच्याइतकंच तो कुठून निघालाय हेही बघावं लागतं.

मिरजेच्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला सुजित म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आई त्याला घेऊन आली तेव्हा तक्रार एवढीच होती की तो यात्रेच्या बसबरोबर जायचं म्हणतोय. त्याचा मामा यात्रा कंपनीत आचारी. गॅस, शेगड्या, पातेली बसच्या पोटात घालून निघायचं आणि मुक्काम पडेल तिथं चाळीस माणसांचा वरणभात रांधायचा, हे त्याचं काम. उन्हाळ्यातली ट्रिप दक्षिणेची होती: हंपी, तिरुपती, कांची, तंजावर, रामेश्वर, मदुराई, कन्याकुमारी आणि केरळ-म्हैसूरमार्गे परत. मामा न्यायला तयार होता. आईला भीती वाटत होती की हा वाटेतच कुठंतरी उतरेल आणि परत येणारच नाही.

‘असं का वाटतं?’ म्हटलं. ‘आजवर कधी असं केलंय?’

‘छे हो. तसा तो फार शहाणा आहे. कधी काही मागत नाही, हट्ट नाही. त्याचं काही टेन्शनच नाही हो.’

हे वाक्य ऐकलं की मी पेन खाली ठेवते. ज्या मुलाचं टेन्शन नसतं त्याच्याकडे बघायचंही राहून जातं, असं वारंवार पाहिलंय. या घरात तसं होण्याला कारणही होतं. सुजितच्या धाकट्या बहिणीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयारच होत नाही असा आई-वडिलांकडून येणारा आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, रक्तातून साठत जाणारं लोह बाहेर काढायला रोज गोळ्या, मधूनमधून तपासण्या, आणि रक्तदाते सांभाळून ठेवणं वेगळंच. आईचं कॅलेंडर रक्ताच्या तारखांवर चालायचं. वडील एमआयडीसीत, मिळेल तो ओव्हरटाइम करणारे. यात कुणालाही दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्या पोरीला त्यांनी जीव टाकून जपलंय. (जाता जाता: लग्नाआधी किंवा निदान मूल होऊ देण्याआधी दोघांनीही हिमोग्लोबिन ए-टूची तपासणी करून घ्या. दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे स्वतः ठीक पण आजाराचे वाहक, असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजर बाळाची शक्यता चारात एक असते. पत्रिका बघणाऱ्या घरांनी एवढं एक तरी बघावं.)

सुजित एकटा बोलायला बसला तेव्हा बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता. मग हळूहळू कळत गेलं. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही सातवीपासून तोच करायचा, हुबेहूब. शाळेचे फॉर्म तोच भरायचा. बहिणीच्या रक्ताच्या दिवशी शेजारच्या काकूंकडे जेवायचा, पुढं पुढं तर जेवायचाच नाही. नववीत असताना अशाच एका दिवशी तो मिरज स्टेशनवरून पंढरपूरच्या गाडीत बसला. तिकीट काढलं नव्हतं. दिवसभर वाळवंटात फिरला आणि रात्रीच्या गाडीनं परत आला.

‘घरी काय म्हणाले?’

‘त्यांना कळलंच नाही.’

हे सांगताना आवाज जराही हलला नाही. मारहाण झालेली मुलं माझ्याकडे येतात, त्यांच्या बोलण्यात राग तरी असतो. दुर्लक्ष झालेल्या मुलाला नेमकं काय झालं हे सांगताच येत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

त्या दिवशी पंढरपूर स्टेशनवर तो कुणा भल्या माणसाच्या नजरेस पडला असता तर प्रकरण 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरपर्यंत आणि तिथून बालकल्याण समितीसमोर गेलं असतं. कुणा वाईट माणसाच्या नजरेस पडला असता तर काय, याचा विचारही नको. आईला हे मी त्याच्या संमतीनं, त्याच्यासमोरच सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हणजे आता मुळीच पाठवायला नको.’

मी म्हटलं, आता पाठवा. तो आधीच एकदा जाऊन आलाय, फक्त तेव्हा कुणाला न सांगता. या खेपेला सांगून जाऊ दे.

पण तोंडावर ‘हो’ म्हणून सोडून देणं हेही दुर्लक्षच झालं असतं. म्हणून आधी काही गोष्टी तपासल्या. मरणाचं बोलणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, झोप-जेवण उडणं, नशा, किंवा मोबाइलवर ओळख झालेलं कुणीतरी दुसऱ्या टोकाला वाट बघत असणं, यातलं काहीही असतं तर प्रवास राहू द्या आणि आधी डॉक्टर गाठा, असंच मी सांगितलं असतं. रात्री-अपरात्री तसं काही जाणवलं तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सुजितच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. मग कागद झाले: आधारची प्रत, आई-वडिलांचं सहीचं संमतीपत्र (या वेळी सही खरी), मामाचा आणि बसच्या मॅनेजरचा नंबर. मामाला ताकीद दिली की त्याचं रीतसर तिकीट काढायचं आणि पातेली घासायला त्याला जुंपायचं नाही. वडिलांवर एकच काम टाकलं. रोज रात्री नऊला फोन त्यांनी करायचा आणि ‘जेवलास का’ सोडून दुसरं काहीतरी विचारायचं. ते म्हणाले, ‘दुसरं काय विचारायचं?’ त्यांना खरोखरच सुचत नव्हतं.

पहिले काही फोन अर्ध्या मिनिटात संपले, असं मामाकडून कळलं. तंजावरला पहिल्यांदा संभाषण झालं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजी राजांच्या काळातला, 1803 चा भलामोठा मराठी शिलालेख आहे, भोसले घराण्याच्या इतिहासाचा. तमिळनाडूत भिंतीवर मराठी दिसल्यावर बसमधली सगळी मंडळी बोट फिरवत वाचायला लागली आणि ज्यांना चष्म्यातूनही दिसेना त्यांना वाचून दाखवायचं काम सुजितवर आलं. रात्री वडिलांनी विचारलं, ‘काय लिहिलंय? फोटो पाठव की.’ सुजितच्या म्हणण्यानुसार, वडिलांनी त्याच्याकडे काही मागण्याची ती पहिलीच वेळ.

रामेश्वरला बावीस कुंडांची स्नानं असतात. एकेका विहिरीपाशी जायचं, वरचा माणूस बादलीभर पाणी डोक्यावर ओततो, आणि तशाच निथळत्या अंगानं पुढच्या कुंडाकडे. तासगावकडच्या एका आजींचे गुडघे गेलेले, म्हणून सुजित त्यांचा हात धरून चालत होता. सगळं आटोपल्यावर आजींनी विचारलं, ‘बहिणीसाठी काय मागितलंस रं?’

तो म्हणाला, ‘माझं जुळलं नाही.’

तो नऊ वर्षांचा असताना बहिणीच्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी त्याचा मॅरो चालेल का, म्हणून त्याचं रक्त तपासलं होतं. जुळलं नाही. घरी येताना आई रिक्षात रडत होती आणि वडील म्हणाले होते, ‘जाऊ दे, याचा काही उपयोग नाही.’ त्यांचा रोख त्या रिपोर्टवर होता. मुलानं ते वाक्य स्वतःवर घेतलं आणि सात वर्षं कुणाला सांगितलं नाही. सख्ख्या भावंडांचं पूर्ण जुळण्याची शक्यताच 25 टक्के असते, तो चिठ्ठ्या टाकण्यासारखा प्रकार आहे, हे त्या नऊ वर्षांच्या पोराला सांगावं असं कुणालाच वाटलं नाही. आजींना बोन मॅरो काही कळला नसावा. त्या म्हणाल्या, ‘जुळायला ती काय कुंडली हाय? नाही जुळलं तर नाही जुळलं. तू काय मुद्दाम केलंस व्हय?’ मी यापेक्षा बरं काही बोलू शकले असते असं मला वाटत नाही.

पण परत आल्यावर सुजितनं मला सगळ्यात आधी आणि रंगवून सांगितलं ते मदुराईचं. मीनाक्षीच्या देवळात मोबाइल नेता येत नाही. चारी दिशांना चार उंच गोपुरं, नवख्याला सगळी सारखीच दिसतात. तो आत एका गोपुरातून गेला आणि बाहेर दुसऱ्यातून आला. भाषा येत नाही, फोन बसमध्ये. तास-दीड तास तो देवळाभोवतीच्या रस्त्यांवर भटकत राहिला. इकडे उन्हात बस उभी, एसी बंद, ड्रायव्हर घाई करतोय, रात्रीपर्यंत कन्याकुमारी गाठायची. बसमध्ये एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. ते दारात उभे राहिले. ‘एक सीट कमी आहे. गाडी हलणार नाही.’ बाकीचे म्हातारे एकेका गोपुराखाली जाऊन थांबले. शेवटी तो सापडला तेव्हा तासगावच्या आजींनी आधी पाठीत धपाटा घातला. ‘कुठं उलथला होतास रं?’ आणि मग पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला.

‘सगळ्यांनी मला इतकं झापलं मॅडम,’ तो सांगत होता. इतका खूश मी त्याला पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्या आठवड्यात आई एकट्या आल्या, काळजीत. ‘सहलीहून आल्यापासून बिघडलाय. उलट बोलतो. नवे बूट मागितले. परवा म्हणाला, माझ्या भाकरीला तूप का नाही?’ त्यांना म्हटलं, अभिनंदन. मागायचं कुणाकडे तर जो देईल अशी आशा वाटते त्याच्याकडे. आता काही महिने हे सोसा. तो सगळी थकबाकी एकदम काढेल.

रिक्षातल्या वाक्याबद्दल वडिलांशी बोलणं व्हायचं होतं. ते मी सुजितवर सोडलं आणि त्यानं ते माझ्यासमोरच काढलं. वडिलांना तो दिवस आठवत होता, आपण काय बोललो ते आठवत नव्हतं. मी भीत होते तसं ‘तू लहान होतास, तुझा काहीतरी गैरसमज झाला’ असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘बोललो असेन.’ मग खिशातून बहिणीची फाइल ठेवायची ती प्लास्टिकची पिशवी काढली आणि विनाकारण घड्या घालत बसले. पाठवायचं की नाही याबद्दल मला विचारणाऱ्या पालकांना आता मी आधी उलटा प्रश्न विचारते: तो गेल्यावर घरात नऊ वाजता फोन कोण करणार आहे? उत्तर चटकन आलं तर पुढचं तिकिटाचं बोलू. नाही आलं तर मुलाला जाऊ द्या किंवा नका देऊ, आपल्याला आधी त्या नऊच्या फोनवर काम करायचंय.

सुजितला डिप्लोमाला जायचंय, मेकॅनिकलला. आईला सायन्स हवंय. या विषयावर तिघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि तेव्हापासून त्यांनी माझी वेळ घेतलेली नाही.