धावताना आलेला ‘स्टिच’ आणि शिवणकामातला टाका

प्रश्न असा आहे: इंग्रजी कथेचा अनुवाद करताना एका वाक्यावर गाडी अडली. शर्यतीत धावणारा मुलगा मध्येच थांबतो, कारण ‘ही हॅड अ स्टिच’. दोन पानांनी एका पाहुण्याच्या गप्पा ऐकून सगळे घर ‘इन स्टिचेस’ होते. स्टिच म्हणजे टाका, मग इथे टाके कुणाला पडले?

कुणालाच नाही. पहिल्या वाक्यातल्या मुलाच्या कुशीत कळ आली. धावता धावता बरगडीखाली, पोटाच्या एका बाजूला आतून सुई टोचावी तशी चमक येते, ती इंग्रजीत स्टिच. उसण हा शब्द सुचेल, पण तो मी टाळेन. उसण पाठीत नाहीतर मानेत भरते आणि दोन-तीन दिवस मुक्काम ठोकते. ही कळ माणूस थांबून जरा वाकला, दमाने श्वास घेतला की थोड्या वेळात ओसरते. तेव्हा ‘कुशीत कळ आली’ किंवा ‘बरगडीखाली चमक आली’ हेच नेमके.

आपण शाळेत स्टिच म्हणजे टाका असे शिकतो, म्हणून हा अर्थ कुठून तरी वाट चुकून आल्यासारखा वाटतो. खरे तर क्रम उलटा आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘स्टिचे’ असा होता. त्याचा अर्थ होता टोच, भोसकल्याची जखम, आणि टोचल्यासारखी कळही. शिवणकामातला अर्थ लेखी स्वरूपात १३व्या शतकाच्या अखेरीस दिसतो. म्हणजे कळ आधीची, टाका नंतरचा. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा फार आनंद झाला होता, कारण त्यानंतर या शब्दाचे सगळे अर्थ आपोआप जागच्या जागी बसले.

जाड कापडावर हाताने शिवून पाहा. सुईचे टोक कापडावर टेकते, क्षणभर अडते, मग टचकन आत शिरते. इंग्रजीने त्या टचकन शिरण्याला नाव दिले आणि त्या एका टोचण्याने मागे राहिलेल्या दोऱ्यालाही तेच नाव पडले. जर्मनमधला ‘श्टिख’ हा याचा सख्खा भाऊ. तो आजही दोन्हीकडे चालतो: मधमाशीचा डंख तोही श्टिख आणि शिंप्याचा टाका तोही श्टिख. याच कुळातला दूरचा नातेवाईक आपल्याकडेही आहे, संस्कृतातला ‘तिज्’ हा धातू. तिज् म्हणजे धार लावणे, अणकुचीदार करणे. त्यावरूनच तीक्ष्ण आणि तेज हे शब्द आले. सोसण्याची ताकद सांगणारा ‘तितिक्षा’ हा सुंदर शब्दही त्यातलाच. सुईचे टोक आणि तितिक्षा एका घरातले, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

आपला टाका मात्र वेगळ्या स्वभावाचा. त्यात टोचण्यापेक्षा जोडण्याचा भाव मोठा. सोनार दागिन्याचा तुटलेला सांधा जोडतो तोही टाका. दोघांचे जुळले की ‘टाका भिडला’. इंग्रजी स्टिचला हे जमत नाही. म्हणून अनुवाद करताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: इथे टोच आहे की जोड? जोड असेल तरच टाका.

शिवणकामातही मराठी एका शब्दावर भागवत नाही. हाताने एकामागून एक घातलेला सरळ तो धावदोरा, यंत्रावर मारतात ती टीप, दुमडलेल्या काठाला तुरपाई. ‘मशीन स्टिच’चे ‘यंत्रटाका’ केलेले मी वाचले आहे. कृपा करून असे करू नका, टीप हा तयार शब्द आहे. लोकरीच्या विणकामात तर सुई काही टोचतच नाही, नुसते फास ओढले जातात, तरी इंग्रजीत तो स्टिचच आणि आपल्याकडेही सुलट टाका, उलट टाका. क्रोशात मात्र आपण साखळी, खांब, मुका खांब म्हणतो. मुका खांब! कुठल्या शब्दकोशाने हे सुचवले असते? जखमेचे टाके तर सगळ्यांना ठाऊक आहेत.

आता ‘इन स्टिचेस’. इथेही टोचच आहे. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये मारिया म्हणते की हसून हसून स्टिचेस यायला हवे असतील तर माझ्यामागे या. तिला अभिप्रेत आहेत हसताना कुशीत येणाऱ्या कळा. तुमच्या वाक्याला ‘हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली’ हे चपखल बसेल. ‘पोट धरून हसले’ हेही चालेल, पण मुरकुंडीत वाकलेले अंग दिसते.

‘अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन’ यात नऊ काय, असेही बरेच जण विचारतात. नऊ टाके. उसवायला लागल्याबरोबर एक टाका घातला, तर पुढचे नऊ घालावे लागत नाहीत. टॉमस फुलर यांच्या १७३२च्या म्हणींच्या संग्रहात ही म्हण ‘वाचू शकतात’ अशा सावध रूपात आहे. नऊच का? ‘टाइम’ आणि ‘नाइन’ कानाला जुळतात म्हणून, हिशेब काही नाही.

‘नॉट अ स्टिच ऑन’ म्हणजे अंगावर चिंधीही नसणे; इथे टाका म्हणजे कपड्याचा लहानात लहान भाग. आणि ब्रिटिश बोलीत कुणाला ‘स्टिच अप’ केले असे आले, तर त्याला खोट्या प्रकरणात अडकवले असे लिहा.