आधी पॉज लिही

पोरी,

तुझा मेल वाचला, दोनदा वाचला, आणि प्रपोजलची अटॅचमेंट पण रात्री जागून शेवटपर्यंत वाचून काढली. टांझानियात शिन्यांगाच्या आजूबाजूच्या गावांत लहान मुलांसाठी शिकवणारे व्हिडिओ आणि ऑडिओ घेऊन जायचंय, सहा महिने हातात आहेत, आणि तुझा प्रश्न एकच, टॅब्लेट किती घेऊ. टॅब्लेटचं सांगते नंतर. आधी तू मला सांग, तुझ्या त्या तीस पानांत मूल कुठंय? सोलर पॅनल किती वॅटचं ते आहे, स्क्रीन किती इंचाची ते आहे, पण मूल ऐकत असतं तेव्हा त्या खोलीत काय चाललेलं असतं, त्याच्या शेजारी कोण बसलेलं असतं, ह्यावर एक ओळ नाही. रागावून नाही लिहीत गं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या कागदांतही ते नव्हतं, म्हणूनच एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

तू रेडिओला एका वाक्यात जुना म्हणून उडवून लावलंयस. थोडं थांब. रेडिओवरून मुलांना बोलतं करून शिकवायची पद्धत १९७० च्या दशकात निकाराग्वात गणितासाठी सुरू झाली, मग १९८० च्या सुमारास केनियात इंग्रजीसाठी आली, आणि झांबियात २००० साली 'लर्निंग ॲट ताओंगा मार्केट' सुरू झाला. तेव्हा तिथे एचआयव्हीनं घरंच्या घरं रिकामी केली होती, अनाथ मुलं ढिगानं, सरकारी शाळा लांब, फी भरायला कुणी नाही. मग चर्चच्या खोलीत नाहीतर झाडाखाली मुलं बसायची, गावातलंच कुणीतरी थोडंफार शिकलेलं माणूस पुढे उभं राहायचं, त्याला मेंटॉर म्हणायचे, आणि रेडिओवर रोज अर्धा तास धडा. वीज नसायची म्हणून हँडल फिरवून आणि उन्हावर चालणारे रेडिओ वापरले. तो हँडलवाला रेडिओ ट्रेव्हर बेलिस नावाच्या इंग्लिश माणसानं शोधला, आफ्रिकेत एड्सची माहिती लोकांपर्यंत पोचत नाही असं टीव्हीवर बघून. बॅटरी विकत घेणं परवडत नाही ही एवढीच गोष्ट त्याला नीट दिसली, बाकी सगळं त्यातून आलं.

ह्या धड्यांची खरी करामत कशात आहे माहितीये? पॉजमध्ये. रेडिओवरची बाई विचारते, पाच आणि तीन किती, आणि मग गप्प बसते. स्क्रिप्टमध्ये तो पॉज सेकंदात लिहिलेला असतो. मुलं ओरडून उत्तर देतात, मग रेडिओ सांगतो, आठ! आणि ज्याचं बरोबर आलं तो उड्या मारतो. रेडिओला काही ऐकू येत नाही, तरी मुलांना वाटतं की तो आपलं ऐकतोय. अगं, त्यांना हे नवीन नाहीच, स्वाहिली किनाऱ्यावर गोष्ट सांगणारा आधी म्हणतो 'पाउक्वा!' आणि ऐकणारे म्हणतात 'पाकावा!', तेव्हा कुठे गोष्ट सुरू होते. आपल्याकडे आजी आटपाट नगर होतं म्हणाली की आपण नुसतं हूं हूं करायचो, तिथं आधी ऐकणाऱ्यानं तोंड उघडायचं मगच पुढे जायचं.

मी माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये सगळे पॉज तीन सेकंदांचे ठेवले होते. स्टुडिओत तीन सेकंद म्हणजे लई मोठे वाटतात, बसवत नाही. मग एका शाळेत मागच्या भिंतीला टेकून बसले, ऐंशीएक मुलं असतील, पुढच्या दोन रांगा उत्तर देऊन मोकळ्या, आणि माझ्या शेजारची मुलगी अजून बोटं मोजतेय, पाच झाली, सहावं बोट उघडलं तोवर रेडिओनं उत्तर सांगून टाकलं. तिनं हात मुठीत मिटून घेतला आणि पुढच्या प्रश्नाला बोटं काढलीच नाहीत. त्या अर्ध्या तासात मी तिला काय शिकवलं तर प्रयत्न करायचा नाही. ते मला अजून लागतं. म्हणून सांगते, धडा लिहायला बसशील तेव्हा आधी पॉज लिही, मग त्याच्या दोन्ही बाजूंनी शब्द लिही. आणि व्हिडिओ असला तरी हेच, व्हिडिओत तर पॉज ठेवायला लोक घाबरतात, स्क्रीनवर काही हललं नाही तर मुलं पळून जातील असं वाटतं. नाही पळत.

आता भाषा. तू लिहिलंयस 'कंटेंट स्वाहिलीत असेल' आणि तिथं टिक केलीयस. शिन्यांगा म्हणजे सुकुमा लोकांचा भाग, घरात किसुकुमा बोलतात, प्राथमिक शाळा स्वाहिलीत. म्हणजे पाच-सहा वर्षांच्या पोरासाठी स्वाहिली ही पण शिकायची भाषा असू शकते, विशेषतः गाव रस्त्यापासून आत असेल तर. तुला स्वाहिली यायला जड जाणार नाही, हिशोबाला हेसाबू, किताबला किताबू, कलमला कलामू, अक्कल म्हणजे अकिली, सगळं अरबीतून आलेलं, आपल्याकडेही आणि त्यांच्याकडेही. पण ओळखीचे शब्द दिसले की माणूस बेसावध होतो, मी झाले. घड्याळाचा एक धडा इंग्रजीवरून भाषांतर करून घेतला होता, चित्रात सात वाजलेले आणि आवाज म्हणतोय साआ साबा, शब्दशः सात तास, बरोबरच वाटलं मला. पण स्वाहिलीत दिवस उजाडल्यापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे साआ मोजा, पहिला तास, आणि साआ साबा म्हणजे दुपारचा एक. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, शिक्षकांनी माझ्या मानापोटी काही म्हटलं नाही, आणि तो धडा अजून तीन गावांत वाजला. भाषांतर कधी करून घेऊ नकोस. तिथल्या शिक्षकांबरोबर बसून त्यांच्याकडूनच लिहून घे, आणि त्याचे पैसे दे, नीट दे, चहापाण्याचे नव्हे.

तिथे आधीपासून काय आहे तेही बघ. उबोंगो नावाची संस्था २०१३ पासून दार एस सलाममध्ये आहे, उबोंगो म्हणजे मेंदू, त्यांचं गणिताचं कार्टून २०१४ पासून टांझानियाच्या टीव्हीवर आहे आणि साध्या फोनवरून एसएमएसनं उत्तर पाठवायची सोय त्यांनी केली होती. धाकट्यांसाठी त्यांची अकिली नावाची चार वर्षांची मुलगी आहे, किलिमांजारोच्या पायथ्याशी राहणारी. टांझानियातल्याच मोरोगोरोत काही आठवडे ते कार्टून दाखवून अभ्यास झाला, तर मोजणं, अंक ओळखणं, आकार ओळखणं ह्यात फरक दिसला. म्हणजे पडद्यानं शिकता येतं, माझं त्याला काही वैर नाही. आणि गोष्टी हव्या असतील तर आफ्रिकन स्टोरीबुक आहे, २०१४ पासून, आणि आपल्या प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, दोन्हीकडे खुला परवाना, किसुकुमात भाषांतर करायला कुणाची परवानगी मागत बसावं लागत नाही. नवीन कार्टून बनवायचा खर्च तू तुझ्या बजेटमधून आजच काढून टाक.

टॅब्लेट. टांझानियाच्याच टांगा भागात सुमारे १७० गावांत शाळेत न जाणाऱ्या मुलांना टॅब्लेट दिले होते, ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ नावाच्या स्पर्धेत, २०१९ ला दोन टीमना बक्षीस विभागून मिळालं, मुलं खरंच अक्षरं शिकली. पण तिथे गावागावात चार्जिंग सांभाळायला गावातलीच बाई होती, ते वाक्य रिपोर्टात लोक पटकन वाचून पुढे जातात. मी पाहिलेल्या एका शाळेत टॅब्लेट कपाटात कुलूपबंद होते, खोक्यातून काढलेलेसुद्धा नव्हते. हेडमास्तर वाईट नव्हते गं, एक जरी हरवला तरी त्यांच्या पगारातून जाईल ही भीती, आणि जाणार नाही असं त्यांना कुणी लिहून दिलं नव्हतं. तू लिहून दे. फुटला, हरवला, चोरीला गेला तर शिक्षकाला एक शिलिंग भरावा लागणार नाही, स्वाहिलीत, शिक्का मारून.

१९७३ साली त्याच देशात 'म्तू नी आफ्या' नावाची रेडिओ मोहीम झाली, माणूस म्हणजे आरोग्य, वीस लाखांच्या आसपास मोठी माणसं गटागटानं बसून ऐकत होती. प्रत्येक गटाला एक नेता, शिकवून तयार केलेला, ऐकून झालं की चर्चा, आणि चर्चा झाली की लोक उठून संडासाचे खड्डे खणायला जायचे. रेडिओ तोच, पण शेजारी माणूस होता.

आणि एक गंमत वाटेल तुला, १९७५-७६ मध्ये आपल्याकडे उपग्रहावरून शिकवायचा साइट नावाचा प्रयोग झाला, सहा राज्यांतल्या २४०० च्या आसपास गावांत टीव्ही, सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी, तो उपग्रह कुठे होता माहितीये? व्हिक्टोरिया सरोवराच्या डोक्यावर. तू जातेयस त्याच्या थोडा उत्तरेला. तिथून बिहार आणि ओरिसातल्या मुलांना टीव्ही दिसत होता. मला हे आठवलं की फार बरं वाटतं.

बाकी बारीकसारीक. पत्र्याचं छप्पर असतं, पावसाळ्यात त्यावर पाऊस पडला की स्पीकर कितीही मोठा कर, काही ऐकू येत नाही, म्हणून प्रक्षेपणावर सगळं ठेवू नकोस, मेमरी कार्डवर पण असू दे म्हणजे पाऊस थांबल्यावर शिक्षक परत लावू शकतील. पॅनलवर धूळ बसते, कोण पुसणार ते नाव ठरव. मुलगे गुरं घेऊन जातात, कापसाच्या दिवसांत वर्ग अर्धा होतो, तेव्हा हजेरी कमी दिसली म्हणून अहवालात रडू नकोस, वेळ बदल. गावात शिरल्यावर आधी गावच्या चेअरमनकडे, मोठ्या माणसांना शिकामो म्हणायचं, ते माराहाबा म्हणतील, मग बसायचं, मग काम. मुलांचे फोटो पहिल्या महिन्यात काढूच नकोस, देणगीदार मागतील, थांबा म्हणून सांग.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, पहिले दोन महिने एकही टॅब्लेट नको. चार दणकट स्पीकर घे, चार गावं घे, आणि रोज एका वर्गात मागे बस, पुढे नाही, मागे.

पहिला धडा तयार झाला की ऑडिओ नको पाठवू मला, नुसती स्क्रिप्ट पाठव, पॉज लाल रंगात कर आणि प्रत्येकापुढे लिही की सगळ्यात मागच्या मुलाला तेवढ्यात उत्तर देता आलं का. तारीख पण टाक, कुठल्या गावात बघितलंस ते पण.

तुझी,
ताई