बाईकवरून पडल्यावर किडनीला मार लागलाय हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की परवा बाईकवरून पडलात, एक्सरे नॉर्मल आहे, पण डाव्या कुशीत अजून दुखतंय. एक्सरेत हाडं दिसतात हो, फाटलेली किडनी दिसत नाही. आमच्या काकांना हेच मी चार वर्षं सांगतेय.

ऊसतोडीचा सीझन होता. कराडहून येताना माझा धाकटा भाऊ ट्रॉलीतून सांडलेल्या उसावर घसरला आणि हँडलचं टोक बरोबर बरगडीखाली बसलं. पठ्ठ्या उठला, हँडल सरळ केलं आणि तीच गाडी चालवत घरी आला, अंगावर धड खरचटलेलं पण नाही. काका म्हणाले मुका मार आहे, हळद-दूध द्या आणि शेका. गावातल्या डॉक्टरनं एक्सरे बघून दुखण्याचं इंजेक्शन दिलं. रात्री हा दोनदा बाथरूमला जाऊन आला, मग मी गेले तर फरशीवर कोकम सरबत सांडल्यासारखं. विचारलं तर म्हणतो बीट खाल्लं असेल. आमच्या घरात बीट कुणी आणतच नाही!

तशीच रात्री गाडी काढली, काका शेजारी बसून अख्ख्या वाटेत "सकाळी बघू की". सोनोग्राफीत नीट कळेना, म्हणून शिरेतून औषध सोडून सीटी केला, तेव्हा डावी किडनी सेंटिमीटरभरापेक्षा खोल फाटलेली दिसली, ग्रेड 3, म्हणजे पाच पायऱ्यांतली तिसरी. ऑपरेशन नाही केलं. पाच दिवस नुसतं पडून, लघवीची नळी, दर सहा तासांनी रक्त तपासायचं, हिमोग्लोबिन 12.6 वरून 9.8 वर आलं आणि तिथं थांबलं. आणि हेच काकांच्या पथ्यावर पडलं! प्रत्येक लग्नात ऐकवतात, "ऑपरेशन झालं का? मग होतं काय एवढं?" अहो, किडनीच्या बहुतेक जखमा न कापता भरतात, पण माणूस झोपून राहिला आणि कुणी लक्ष ठेवलं तर. हा सकाळी गाडी घेऊन कामावर जाणार होता.

बाकी लघवी लाल नाहीतर काळ्या चहासारखी, कुशीत सूज किंवा काळंनिळं, खालची बरगडी मोडलेली, पोट फुगलेलं, असं काही असलं तर थांबू नका. चक्कर, गार घाम, लघवीच होत नाही, असं असेल तर सरळ 108 ला फोन. आणि हो, लघवी स्वच्छ दिसते म्हणून निवांत बसू नका, थोडं रक्त डोळ्याला दिसत नाही, तपासणीतच कळतं, आणि किडनीची मुख्य रक्तवाहिनीच तुटली तर कधी लघवीत रक्त उतरतच नाही. मनानं पेनकिलर घेऊ नका. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते, त्यामुळे सगळ्यांना सीटी लागतोच असं मी म्हणत नाहीये, ते डॉक्टर ठरवतील. बरं झाल्यावरही अधूनमधून बीपी बघा, अशा मारानंतर ते नंतर वाढू शकतं.

तुम्ही आजच जाऊन लघवी तपासा. घरात कोणी मुका मार म्हणत असेल तर त्यांनाही सोबत न्या, पार्किंगचे पैसे तरी त्यांना भरू द्या.