उंदरांमधला अल्झायमर बरा झाल्याच्या बातम्या सारख्या येतात, मग माणसांसाठी औषध का येत नाही? शास्त्रज्ञ खोटं बोलतात का?

तुम्ही लिहिलंय की आईला अल्झायमर आहे आणि अशी बातमी आली की नातेवाईक लगेच ती फॅमिली ग्रुपवर टाकतात, त्यावरून हा प्रश्न पडला. खोटं कोणी बोलत नाही. उंदीर बरा झाला हे बहुतेक वेळा खरंच असतं, पण तो नक्की कशातून बरा झाला ते बातमीत येत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. मी एका न्यूरोसायन्स लॅबमध्ये याच उंदरांवर काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुळात उंदराला अल्झायमर होतच नाही. अगदी म्हातारा उंदीर घेतला तरी त्याच्या मेंदूत प्लाक, म्हणजे या आजारात मेंदूत साचणारे प्रथिनाचे गोळे, सापडत नाहीत, कारण अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाच्या ज्या तुकड्यापासून प्लाक बनतात त्यात उंदराची आणि माणसाची ३ अमिनो आम्लं वेगळी आहेत आणि तेवढ्यानेच उंदराचा तुकडा सहजासहजी साचत नाही. मग करतात काय, तर ज्या थोड्या कुटुंबांत हा आजार पिढ्यानपिढ्या आणि लवकर येतो त्यांच्यातलं बिघडलेलं माणसाचं जीन उंदरात घालतात. असा पहिला नीट चालणारा उंदीर १९९५ ला आला, मग १९९६ ला स्वीडनमधल्या रुग्णांत सापडलेल्या म्युटेशनचा (म्हणजे जीनमधल्या बिघाडाचा), आणि २००६ ला फाइव्ह एक्स फॅड, म्हणजे ५ म्युटेशन एकाच उंदरात. ही पाच एकत्र कुठल्या पेशंटमध्ये सापडत नाहीत, ती घातली कारण मग दोन महिन्यांच्या उंदरातच प्लाक दिसायला लागतात आणि वर्षभर थांबावं लागत नाही. पण असा आनुवंशिक अल्झायमर एकूण पेशंटमध्ये १ टक्क्याहूनही कमी लोकांना असतो, बाकीच्यांना उतारवयात होतो तो वेगळ्या वाटेने येतो. शिवाय बहुतेक उंदरांत प्लाक भरपूर असले तरी टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे गुंते होत नाहीत आणि माणसासारखे न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, मरतही नाहीत. आणि विसरणं जे आहे ते न्यूरॉन मरण्याशी आणि टाऊशी जास्त जोडलेलं आहे.

म्हणजे हा उंदीर अल्झायमरचा नाही, प्लाकचा आहे. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजतं.

१९९९ साली डेल शेंक या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या टीमने उंदरांना अमायलॉइडचीच लस दिली आणि प्लाक साफ झाले, लहान वयात दिली तर झालेच नाहीत. केवढी आशा निर्माण झाली असेल तेव्हा! मग माणसांवर ट्रायल सुरू झाली आणि २००२ च्या सुरुवातीला डोस थांबवावे लागले कारण लस दिलेल्या सुमारे ३०० जणांपैकी १८ जणांच्या मेंदूला सूज आली. ही सूज उंदरांत दिसली नव्हती. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते २००८ ला छापून आलेलं, की त्या ट्रायलमधले जे पेशंट पुढे वारले त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूतले प्लाक जवळजवळ पूर्ण गेले होते आणि तरीही ते शेवटी गंभीर डिमेन्शियातच गेले. प्लाकबद्दल उंदीर बरोबर होता, आजाराबद्दल त्याला काही सांगताच येत नव्हतं.

आता उलट उदाहरण बघा. २०२१ मध्ये आपल्याकडे लहान बाळांसाठी १६ कोटींच्या इंजेक्शनची वर्गणी सगळीकडे फिरत होती ते आठवत असेल, ते एसएमए या आजाराचं जीन थेरपीचं औषध. मेंदूचा नाही, मज्जारज्जूतल्या न्यूरॉनचा आजार, पण हेही औषध आधी उंदरांवरच तपासलं गेलं. एसएमएचा तो उंदीर जेमतेम १५ दिवस जगतो, २०१० च्या प्रयोगात जन्मानंतर पहिल्याच दिवशी जीन दिलेले उंदीर २५० दिवसांच्या पुढे जगले, आणि दहाव्या दिवशी दिलं तर फारसा फायदा झाला नाही. बाळांमध्येही अगदी हेच निघालं, जितकं लवकर तितकं चांगलं. का जमलं? कारण तिथे आजाराचं मूळ एकच, एक जीन नसणं, आणि उंदरातही तीच खोट केलेली. अल्झायमरमध्ये मूळच एक नाही तर उंदरात घालणार काय.

प्रयोग कसे होतात त्यातही अडचणी आहेत. स्मरणशक्ती बघायला उंदराला पांढरट पाण्याच्या टाकीत सोडतात, पाण्याखाली लपवलेला प्लॅटफॉर्म त्याला किती वेळात सापडतो ते मोजतात. काही उंदीर शोधतच नाहीत, नुसते तरंगत राहतात, आता तो विसरला म्हणायचं की कंटाळला? कॅनडात तर २०१४ मध्ये दिसलं की खोलीत पुरुष असला की नुसत्या वासानेच उंदरांवर ताण येतो. त्यात ग्रुप लहान, कुठल्या उंदराला औषध दिलंय ते मोजणाऱ्याला माहीत, असं असलं की निकाल सुंदर येतात. एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या न्यूरॉनच्या आजारात याचा फार मोठा फटका बसलाय, मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकने उंदीर जास्त जगले आणि २००७ च्या ट्रायलमध्ये पेशंट उलट लवकर खालावले. याचा मला मनापासून राग येतो कारण ती माणसं आशेने आलेली असतात.

आईबद्दल विचारलंत म्हणून, प्लाक काढणारं लेकॅनेमॅब २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मंजूर झालं, १८ महिन्यांत खालावणं २७ टक्क्यांनी कमी झालं, पण आजाराची तीव्रता मोजायच्या १८ गुणांच्या स्केलवर तो फरक ०.४५ चा आहे, आणि औषध फक्त सुरुवातीच्या टप्प्यासाठी, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने मधे मधे एमआरआय करावा लागतो. आईचा टप्पा कुठला हे न्यूरोलॉजिस्टला आधी विचारा. आणि पुढची बातमी ग्रुपवर आली की दोनच गोष्टी शोधा, उंदीर कुठला होता आणि औषध प्लाक झाल्यावर दिलं की आधी. बहुतेक वेळा आधी दिलेलं असतं, आणि आई तर त्या टप्प्याच्या पुढे गेलेली आहे.