वाचकांचे प्रश्न : रॅकमधल्या सर्व्हरचा वारा आणि रॅम

प्रश्न : घरच्या वापरासाठी रॅकमध्ये बसणारा सर्व्हर स्वतः जोडतोय. २यू उंचीचा खोका घेऊन ठेवलाय. त्यात पुढच्या बाजूला आठ हार्ड डिस्क, आत साधा एटीएक्स मदरबोर्ड आणि ६५ वॅटचा रायझन प्रोसेसर बसवायचा विचार आहे. रॅक कामाच्या खोलीतच राहणार, त्यामुळे आवाज कमी हवा. कूलर कोणता घेऊ? वॉटर कूलिंग चालेल का?

उत्तर : खोका घेऊन झालाय म्हणता, म्हणजे कूलरचा निम्मा निर्णय मला विचारण्याआधीच झालाय. रॅकच्या मापात १यू म्हणजे १.७५ इंच, म्हणजेच ४४.४५ मिमी. २यूचा खोका बाहेरून ८८ मिमीच्या आसपास भरतो. त्यातून वरखालचा पत्रा, बोर्डाखालचे स्टँडऑफ (त्याला उचलून धरणारे खुंट), बोर्डाची जाडी आणि सॉकेटची उंची वजा केली की कूलरच्या वाट्याला ६५ मिमीच्या आगेमागे उरतात. नेमका आकडा खोक्याच्या माहितीपत्रकात असतो. नसला तर बोर्ड आत बसवा आणि प्रोसेसरच्या माथ्यापासून झाकणापर्यंत पट्टीने मोजा.

पण ६५ मिमी जागा आहे म्हणून ६५ मिमीचा कूलर आणू नका. इतक्या उंचीचे शांत कूलर बहुधा आडवे असतात, पंखा माथ्यावर आणि वारा खाली बोर्डाकडे. पंखा झाकणाला टेकला तर त्याला ओढायला हवाच मिळत नाही. नुसता घोंघावत राहतो. दीडेक सेंटिमीटर मोकळं सोडा. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ हा ४७ मिमी उंचीचा आहे, तो तुमच्या मापात बरा बसतो. नॉक्टुआचा एनएच-एल९ए तर ३७ मिमीचाच आहे, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. कारण रायझनच्या खोक्यावर छापलेले ६५ वॅट ही कमाल मर्यादा नव्हे. कारखान्यातून येताना अशा प्रोसेसरला सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत ओढायची मुभा दिलेली असते. बायोसमध्ये इको मोड लावलात तर तो साठ वॅटच्या आसपास येतो, आणि फायली वाटण्यापुरत्या कामात हा फरक तुमच्या लक्षातही येणार नाही. नवा कूलर शोधण्याआधी हे करा, फुकट आहे.

आता आवाज. १यूमध्ये ४० मिमीचे पंखे बसतात, २यूमध्ये ८० चे आणि ४यूमध्ये १२० चे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण वीज आठव्या हिश्श्यावर येते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे तेवढीच हवा मोठ्या पंख्याने सावकाश ढकलणं हाच शांततेचा खरा मार्ग. आमच्या कामाच्या जागी १यूची यंत्रं रांगेने लावलेली आहेत. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि त्यात यंत्राचा काही दोष नाही, त्या उंचीत दुसरं काही बसतच नाही. म्हणून स्पष्ट सांगते : खोका अजून परत करता येत असेल तर करा आणि ४यू घ्या. त्यात नॉक्टुआचा १२५ मिमीचा एनएच-यू९एस किंवा १४५ मिमीचा एनएच-डी१२एल यांसारखे उभे कूलर येतात. १६५ मिमीचा एनएच-डी१५ मात्र ४यूमध्येही बसवायला जाऊ नका, झाकण लागणार नाही. मधला ३यू मिळाला तर त्याच कंपनीचा एनएच-डी९एल ११० मिमीचा आहे, तो त्याच मापासाठी काढलेला.

उभा कूलर घेतलात तर त्याचा पंखा कुठे बघतो ते पाहा. रॅकमध्ये वारा एकाच दिशेने जातो, पुढून आत आणि मागून बाहेर. पण सर्व्हरसाठीच्या बऱ्याच बोर्डांवर सॉकेट नव्वद अंशात फिरवलेलं असतं, आणि काही कूलरचे ब्रॅकेट एकाच दिशेने बसतात. मग कूलर आडवा फुंकतो आणि गरम हवा पॉवर सप्लायच्या अंगावर जाते. इंटेलच्या झिऑन या सर्व्हर प्रोसेसरचा जुना बोर्ड उचलणाऱ्यांना आणखी एक गोष्ट : एलजीए २०११ सॉकेटची पकड दोन मापांत येते, चौकोनी ८० बाय ८० मिमी आणि अरुंद ५६ बाय ९४ मिमी. एकाचा कूलर दुसऱ्यावर बसत नाही. विकणारा नेहमी सांगतोच असं नाही.

डिस्क आठ आहेत, म्हणजे तुमची खरी अडचण प्रोसेसर नसून पुढची बाजू आहे. डिस्कच्या मागे बॅकप्लेन, म्हणजे त्या ज्यात जोडतात ती पाटी असते आणि तिला भोकं मोजकीच. पंख्याच्या पाकिटावर हवेचा जो आकडा छापतात तो समोर काहीही अडथळा नसतानाचा. तुम्हाला पाहायचाय तो स्थिर दाब, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटण्याचा जोर, मिलिमीटर पाण्यात दिलेला. आर्क्टिकच्या पी१२ चा २.२ आहे, नॉक्टुआच्या ३००० आरपीएमच्या औद्योगिक एफ१२ चा ७.६३. घरात दुसऱ्याची गरज क्वचितच पडते, पण दोन्हींतली तफावत लक्षात असू द्या. तुमच्या २यूसाठी ८० मिमीचे घेताना हाच आकडा बघा.

सगळं जोडून झालं की टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा, यंत्र चालू करा आणि ती पट्टी एकेका डिस्कच्या जाळीसमोर धरा. पट्टी जाळीकडे ओढली जाऊन चिकटली तर हवा डिस्कवरून जातेय. नुसती लोंबत राहिली तर पंखे दुसरीकडून हवा खेचताहेत. मग हीच पट्टी डिस्कमागे ओळीने लावलेल्या पंख्यांच्या भिंतीच्या कडेने, वायरी जातात त्या फटींपाशी फिरवा. बहुतेक वेळा तिथेच ती फडफडते : पंख्याने मागे ढकललेली गरम हवा त्याच फटीतून वळसा घालून परत पुढे येत असते. त्या फटी फोमच्या तुकड्यांनी किंवा चिकटपट्टीने बुजवा, आणि रिकाम्या डिस्कच्या जागी कोरा ट्रे लावा. नवे पंखे आणण्याआधी हा उद्योग करून पाहाच.

आठ डिस्क म्हणजे बहुधा एचबीए, म्हणजे जादा डिस्क जोडायचं कार्डही येईल. त्यावरच्या छोट्या हीटसिंकला पंखा नसतो, कारण ते कार्ड सर्व्हरच्या सोसाट्याच्या वाऱ्यात राहायला बनवलेलं आहे; मिनिटाला दोनशे फूट वेगाची हवा त्याला अपेक्षित असते. तुमच्या शांत खोक्यात ती मिळणार नाही. मग कार्ड तापतं, डिस्क मधूनच गायब होतात, आणि माणूस केबल बदलत बसतो. हीटसिंकवर ४० मिमीचा एक सावकाश पंखा स्क्रूने बसवून टाका.

वॉटर कूलिंग : नको. नेहमीच्या रेडिएटरला २यूमध्ये जागा नाही, आणि जागा असती तरी रात्रंदिवस कुणाच्या लक्षाविना चालणाऱ्या यंत्रात मी पंप घालणार नाही. हवेच्या कूलरचा पंखा बंद पडला तरी धातू शिल्लक असतो आणि पंख्यांच्या भिंतीचा वारा त्यावरून जात राहतो. पंप बंद पडला की काही शिल्लक नसतं.

प्रश्न : ६४ जीबी मेमरी हवी आहे. जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या डीडीआर४ रजिस्टर्ड ईसीसी स्टिक अगदी स्वस्तात मिळताहेत. त्या साध्या बोर्डावर चालतील का? मुळात घरी ईसीसी लागते का? डीडीआर५ मध्ये ती आतच असते असंही ऐकलं.

उत्तर : नाही चालणार. ईसीसी म्हणजे मेमरीतल्या चुका ओळखून दुरुस्त करायची सोय; रजिस्टर्ड म्हणजे मधे सिग्नल सावरणारी जादा चिप असलेली स्टिक, अनबफर्ड म्हणजे ती नसलेली. फसवणूक अशी की डीडीआर४ ची रजिस्टर्ड स्टिक साध्या स्लॉटमध्ये टच्चकन बसते, खाच जुळते, पिनाही २८८ च. फक्त यंत्र सुरू होत नाही. डीडीआर५ मध्ये खाचेची जागाच वेगळी केली आहे, त्यामुळे तिथे निदान हात थांबतो. स्वस्त आहेत त्या यासाठीच की त्यांना सर्व्हरचाच बोर्ड लागतो. असा बोर्ड असेल तर जरूर घ्या. नसेल तर तुम्हाला हवी ती अनबफर्ड ईसीसी, पाकिटावर ‘ईसीसी यूडिम’ लिहिलेली.

आणि तीही बोर्ड आणि प्रोसेसर दोघांना मान्य असली तर. रायझनमध्ये नावाच्या शेवटी ‘जी’ हे अक्षर असलेले प्रोसेसर घेताना सावध राहा, त्यांच्यात ईसीसी फक्त प्रो आवृत्तीत चालते. इंटेलच्या १२व्या आणि १३व्या पिढीच्या कोअर प्रोसेसरना त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो. ‘ईसीसी स्टिक चालते’ आणि ‘ईसीसी चालते’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पुष्कळ बोर्ड स्टिक स्वीकारतात आणि तिचं दुरुस्तीचं काम गपचूप बंद ठेवतात. लिनक्सवर डीएमआयडीकोड या आज्ञेच्या उत्तरात डीडीआर४ साठी एकूण रुंदी ७२ बिट आणि डेटाची ६४ बिट दिसायला हवी. पण ती झाली दारावरची पाटी. घरात कुणी आहे का ते मेमरीच्या चुका नोंदवणारा ईडीएसीचा ड्रायव्हर चढला की नाही यावरून कळतं.

डीडीआर५ च्या आतली ईसीसी खरी आहे, पण ती चिपच्या पोटापुरती. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत काही बिघडलं तर तिला पत्ता लागत नाही, आणि दुरुस्ती झाली तरी ती तुम्हाला कळवत नाही. मला स्वतःला हे कळवणंच जास्त मोलाचं वाटतं. टोरोंटो विद्यापीठ आणि गुगलच्या संशोधकांनी २००९ साली गुगलच्या सर्व्हरमधल्या मेमरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत आणि ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये निदान एक तरी दुरुस्त करता येणारी चूक सापडली होती. आणि ज्या स्टिकमध्ये एकदा चूक झाली तिच्यात पुन्हा होण्याची शक्यता बरीच वाढत होती. म्हणजे चुका सगळीकडे सारख्या शिंपडलेल्या नसतात, काही स्टिक खराब असतात. ती खराब स्टिक कोणती हे ईसीसी सांगते. ईसीसी नसेल तर ते तुम्हाला एखाद्या न उघडणाऱ्या फाइलवरून कळेल. बॅकअप ज्या यंत्रावर ठेवायचाय तिथे मी ईसीसीच घालेन. नुसते सिनेमे साठवायचे असतील तर वाद घालणार नाही.

६४ जीबी दोन स्टिकमध्ये घ्या, चारमध्ये नको. एएम५ सॉकेटच्या बोर्डावर रायझन ७००० सोबत चार स्टिक लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर येतो, दोनच असल्या तर ५२००. एक्सएमपी, म्हणजे मेमरी जादा वेगाने पळवायची बायोसमधली सोय, लावू नका. डीडीआर४ ला १.२ व्होल्ट पुरतात, तिला १.३५ देऊन सर्व्हरला काही मिळत नाही. रंगीत दिव्यांच्या, पंखांसारखी टोपी घातलेल्या स्टिकही नकोत. साध्या एटीएक्स बोर्डावर मेमरीचे स्लॉट वाऱ्याला आडवे असतात, म्हणजे प्रत्येक स्टिक ही प्रोसेसरच्या आधीची भिंत. साधी स्टिक ३१ मिमीची, टोपीवाली ४० च्याही वर जाते, आणि २यूमध्ये आडव्या कूलरखाली तेवढी जागा निघेलच असं नाही. तापमानाची धास्तीही नको, ८५ अंशांच्या पुढे गेल्यावर डीडीआर४ ला दुप्पट वेळा रिफ्रेश करावं लागतं, तिथवर वाऱ्यातली स्टिक जात नाही. डीडीआर५ च्या स्टिकवर तर तापमापक असतोच, लिनक्सचा एसपीडी५११८ ड्रायव्हर तो वाचतो.

बसवल्यावर मेमरी तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवा. डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटं काळाच राहतो. बोर्ड मेमरीशी वेळ जुळवून घेत असतो, त्यालाच प्रशिक्षण म्हणतात, घाईने बटण दाबू नका.

प्रश्न : झेडएफएससाठी एका टीबी डिस्कमागे एक जीबी रॅम हवीच का? माझ्याकडे ८० टीबी होणार आहेत.

उत्तर : नाही. झेडएफएस ही डिस्कवर फायली साठवायची प्रणाली; जास्तीची रॅम ती कॅशसाठी वापरते, नसली तर हळू चालते, इतकंच. डीडुप्लिकेशन (एकसारखे ब्लॉक एकदाच साठवणं) लावलंत तर मात्र गणित बदलतं. दर ब्लॉकला ३२० बाइट हा जुना अंदाज धरला तर १२८ केबीच्या ब्लॉकनी भरलेल्या एका टीबीत ८४ लाख ब्लॉक, म्हणजे अडीच जीबी. आभासी यंत्रांसाठी ब्लॉक १६ केबीचे ठेवलेत की वीस. तेव्हा डीडुप्लिकेशन बंद, कॉम्प्रेशन चालू, आणि ३२ किंवा ६४ जीबीवर निवांत राहा.

प्रश्न : सर्व्हरच्या बोर्डाला शांत पंखे लावले. आता ते काही सेकंद पूर्ण वेगाने घुमतात, शांत होतात, पुन्हा घुमतात. पंखे खराब निघाले का?

उत्तर : पंखे ठणठणीत आहेत. बोर्डावरच्या बीएमसीने, म्हणजे यंत्रावर लक्ष ठेवणाऱ्या चिपने, पंख्याच्या किमान वेगाची मर्यादा धरलेली असते, कारखान्यात जोरकस पंखे गृहीत धरून. तुमचा पंखा ३०० आरपीएमवर आला की बीएमसीला तो मेल्यासारखा दिसतो, म्हणून तो सगळ्यांना फुल वेग देतो. वेग वाढला की निर्धास्त होतो, आणि चक्र पुन्हा सुरू. बीएमसीशी बोलणाऱ्या आयपीएमआयटूल या आज्ञेने त्या पंख्याच्या खालच्या तिन्ही मर्यादा उतरवा, तिन्ही आकडे चढत्या क्रमाने द्या. बीएमसी ते आपल्या पायऱ्यांत बसवून घेतो, त्यामुळे दिलेला आणि नोंदलेला आकडा थोडा वेगळा दिसेल. डिस्कपुढचे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर धावणाऱ्या हेडरला (बोर्डावरच्या पंख्याच्या जोडणीला) जोडलेत का तेही बघा. एचबीएवरच्या डिस्कचं तापमान बीएमसीला सहसा दिसतच नाही, त्यासाठी डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमधून आकडा वाचून पंख्याला वेग देणारी छोटी स्क्रिप्ट लावावी लागते.